उजेडाची झडप

काच नखाएवढी, आणि तिच्या पोटात वाट — केसाहून बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. एक खोल खोली, मग चिंचोळी फट, परत खोली, परत फट, अशी शेकडो... चिमट्यात धरून खिडकीकडे केली की तिच्यावर तेलाच्या थेंबासारखी एक रंगीत सुरकुती तेवढी हलते, बाकी काही नाही. कुणीही म्हणावं घड्याळाची फुटकी काच आहे, टाक केरात. तिनं श्वास रोखून ती मायक्रोस्कोपखाली बसवली, आणि बसवताना बाईंचं ते वाक्य परत कानाशी आलं. हल्ली ते असंच कुठूनही यायचं, भांडी विसळताना, पोरीच्या केसांतला गुंता सोडवताना — "दिवा लावून सारखी बघत बसू नकोस गं. तुझ्या बघण्यानंच तुटतात ते."

हे बाईंनी सांगितलं होतं ती इथं नवी होती तेव्हा. बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि त्याआधी कॉलेजात तिला शिकवलेल्या. त्यामुळे त्यांचं सांगणं ती अजूनही वर्गातल्यासारखं ऐकायची — मान डोलवून, आणि मनात आपलंच चालू ठेवून. तेव्हा ती हसली होती. "का, दृष्ट लागते त्यांना?" असं म्हणालीही होती. बाईही हसल्या, केसांत खोवलेलं पेन काढून कशावर तरी सही करायला लागल्या, आणि गोष्ट तिथंच राहिली. ती काही अडाणी नव्हती. डीएनएचा रेणू दिसावा म्हणून त्याला जो चकाकणारा रंग चिकटवायचा, तो उजेड खातो आणि खाता खाता शेवटी रेणूलाच चावतो, हे तिला ठाऊक होतं. पण त्यावर उतारा असतो, तो घातला की झालं — कुजक्या अंड्याच्या वासाचा तो द्रव, ज्याचा वास कितीही साबण लावा बोटांना राहतो आणि घरी गेल्यावर लेक, मुंगी, नाक दाबून म्हणते, आई, तू घाण. उतारा घातलाय, मग बघायला काय हरकत? आणि बघितल्याशिवाय राहायचं तरी कसं... आत काहीतरी चाललंय आणि आपण पाठ करून बसायचं?

तिला ते जमत नव्हतं. दूध तापत ठेवून ती ओट्यापासून हललेली कुणाला आठवत नाही. बाळंतपणानंतर पहिले काही महिने तर ती मुंगीच्या नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास येतोय ना, गेला तो परत येतोय ना — आणि सासूबाई शेवटी म्हणाल्या होत्या, "अगं, तिला श्वास घेता येतो. तूच घे जरा."

आज सकाळीही तेच. मुंगी — लेकीचं खरं नाव वेगळं आहे, पण रांगायच्या वयात साखरेच्या डब्यात डोकं घालून सापडली तेव्हापासून हेच चिकटलं — मुंगी पालथी झोपली होती, गाल उशीत चेपलेला, आणि डाव्या पापणीखाली एक पांढरी रेघ. जेमतेम. नीट न लोटलेल्या दारासारखी. ती वाकून उभी राहिली, मग गुडघ्यांवर बसली, मग हातानं पडद्याचा उजेड अडवून बघितलं. रेघ होतीच.

"लहान मुलं झोपतात अशी," नवरा दारातून म्हणाला. एका पायात मोजा, दुसरा हातात. "माझी ताई तर टक्क उघड्या डोळ्यांनी झोपायची. अजूनही झोपते. ऑफिसात."

ती हसली नाही.

"तू परत सुरू केलंस का ते?"

"काय सुरू केलं?"

"ते. दादाचं."

तिनं मुंगीच्या पाठीवरून हात फिरवला, जागं करायचं निमित्त करून. खांद्यांच्या पात्या दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत की एक वर येते... पाखराच्या पंखांएवढी ती हाडं, त्यांतून काय कळणार. पण बोटं थांबेनात. बोटांना वाचायची सवय लागली होती.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. तो असाच झोपायचा. लहानपणी दोघांची खोली एकच, आणि दिवा मालवला तरी रस्त्यावरचा उजेड आत यायचा, त्यात दादाचे डोळे दिसायचे — तिला वाटायचं तो जागा आहे. ती त्याला शाळेतलं सगळं सांगायची, कोण कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाचं पेन लपवलं. तो उत्तर देत नसे, पण ऐकतोय असं तिनं धरूनच चाललेलं. त्याच्याइतकं मन लावून तिचं पुन्हा कुणी ऐकलं नाही. त्याला शीळ यायची नाही. वाढदिवसाला फुगे फुगवायचं काम आलं की तो म्हणायचा, मी दोरे बांधतो, आणि तिला मजा वाटायची की एवढा मोठा दादा आणि फुगा फुगत नाही... बाबांनाही शीळ येत नसे. पण बाबांना गाण्यातलंही काही कळत नसे, आणि ते फार लवकर गेले. त्यांचं तोंड नीट मिटत होतं का, हात कुठवर वर जात होता, हे बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मग दादाचा हात वर जाईनासा झाला. आधी फळीवरचा डबा, मग शर्टाची बाही, मग कंगवा. आता तो केस विंचरतो म्हणजे कोपर टेबलावर टेकवून डोकं हाताकडे नेतो. चेहऱ्यापासून खांद्यांपर्यंत स्नायू झिजत जाण्याच्या या आजाराचं डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं आणि जाता जाता हेही, की हे घराण्यातून येतं — ज्याच्यात ते आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ते मिळायचं किंवा सुटायचं, छापा की काटा.

बाबांकडून ते दादाला मिळालं. तिला?

"तुम्हाला काही त्रास आहे का?" डॉक्टरांनी विचारलं होतं. नाही. "मग कशाला विकतचं दुखणं घेताय? बाळ लहान आहे. यावर औषध नाही. कळून करणार काय?"

कळून कळणार, असं ती म्हणाली नाही, पण तेच तिच्या मनात होतं, आणि घरी येईपर्यंत ते घट्ट होत गेलं. काहींना हे आयुष्यभर अंगात असूनही जाणवत नाही, अंगातून पुढं तेवढं जातं, हे तिला माहीत होतं. ती नुसती पोस्टमन असू शकते — पत्र दुसऱ्याचं, पिशवी तिची. आणि योगायोग म्हणा की आणखी काही, ते पत्र वाचायची खिडकी जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यांतल्या एका ठिकाणी ती रोज सकाळी बॅग ठेवते आणि हात धुते.

कारण ते सगळं लांबीवर आहे. डीएनएमध्ये एके ठिकाणी एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे, पाढे घटवावेत तसा; प्रत्येकात त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. दोन्ही लांब असतील तर माणूस सुटला. त्यांतली एक ठरावीक मापाहून आखूड भरली, तर दादा. बस, एवढंच. पण हे तुकडे इतके लांब की नेहमीच्या जेलमध्ये, म्हणजे ते वेगळे करायच्या लिबलिबीत थरात, घातले तर सगळे एकाच चालीनं सरपटतात, लांबडा कोण आणि आखूड कोण ते कळतच नाही; जुन्या पद्धतीनं वेगळे करायचे तर एक अख्खा दिवस आणि वर रात्र. म्हणून ही नखाएवढी काच. रेणू खोल खोलीत आला की लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा होतो, आणि पुढं फट. विजेची ओढ त्याला फटीकडे दाबते. कुणालाही वाटेल की मोठा गुंडा अडकणार आणि छोटा पटकन सटकणार, होतं उलटंच. मोठ्या गुंड्याचं अंग फटीला जास्त ठिकाणी टेकतं, त्याचा कुठला ना कुठला पदर आत शिरतोच, आणि एक पदर शिरला की बाकीचं सगळं ओढलं जातं. छोटा बसतो चाचपडत. अशा शेकडो खोल्या ओलांडून पलीकडे पोचतो तो लांब आधी. आखूड मागून, रखडत.

बाईंनी हे पहिल्यांदा फळ्यावर काढलं तेव्हा तिला का कोण जाणे दादा आठवला होता — जत्थ्याच्या मागून रखडत येणारा, आणि कुणी वळून पाहिलं की बुटाची नाडी बांधायचं सोंग करणारा.

तिनं आपलं रक्त दिलं होतं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. तुलनेसाठी निरोगी माणसांचे नमुने लागतात आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनीच दिले होते, ज्या सहकाऱ्याला सगळे बुडबुडे म्हणतात त्यानं तर सुई बघून डोळे मिटून दिलं होतं. नळ्यांवर नुसते आकडे. फक्त तिला आपला आकडा माहीत होता, आणि निरोगी या शब्दावर सही करताना तिचं पेन थोडं अडखळलं होतं. मग एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं ती नळी काढली, पिपेटच्या रुंद तोंडाच्या टिपेनं — अरुंद टिपेतून ओढलं तरी हे रेणू तुटतात, सुतासारखे — सावकाश काचेत सोडली, वीज चालू केली, दिव्याची झडप उघडली आणि डोळा लावला.

आणि काढला नाही.

काळ्या वाटेत हिरवे ठिपके. पळणारे, थांबणारे, फटीशी घुटमळून एकदम ताणले जाणारे... हे माझे आहेत. यातला एक बाबांचा. हे सुटं, चकाकणारं, पोहणारं जे काही आहे ते माझ्या हाडामांसात घडी घालून ठेवलेलं होतं आणि मी ते पदराखाली घेऊन इतकी वर्षं हिंडले. तिची मान अवघडली, पोटात भूक ओरडली, तरी ती हलली नाही. जणू तिनं डोळा काढला तर ते वाट चुकतील. शेवटच्या टोकाला एक रेघ आली — लांब तुकड्याची, आईकडची, असं तिनं मनाशी धरलं. मग दुसरी यायला हवी होती, लगोलग. आली नाही. आली ती धूळ. हिरवी, विरलेली, मागे मागे पसरत गेलेली, आणि त्या धुळीत फार मागे, जिथं यायला नको तिथं, जरा दाट असं काहीतरी. रेघ म्हणावी तर रेघ, नाही म्हणावी तर डोळ्यांचा थकवा.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बाईंना नाही. काच धुतली, डबा उघडला, पोळीभाजीचा एकेक घास चावून खाल्ला. मनात एकच — नक्की कळायला पाहिजे. असेल तर असेल, नसेल तर नसेल, पण हे धुकट मी सहन करणार नाही. मात्र परत चालवायचं तर आधी काचेचा भरवसा हवा, आणि काच सगळ्यांनाच धूळ दाखवत होती. ज्याच्या दोन्ही प्रती लांब आहेत हे पक्कं ठाऊक होतं त्या नमुन्यालासुद्धा. म्हणून ती रोज तोच ठाऊक नमुना चालवत होती. रोज वेगळं काहीतरी बदलून — ओढ कमी, ओढ जास्त, नवी काच, ताजा रंग. आणि रोज, अर्थात, डोळा लावून.

"काल परत धूळ?" बुडबुड्यांनी शेजारच्या टेबलावरून विचारलं. हा तिच्याबरोबर लागलेला सहकारी. काचेत पाणी भरताना त्याच्या हातून हमखास हवेचा बुडबुडा अडकतो म्हणून बारसं झालेलं, आणि आता त्याच्या चहाच्या कपावरही तेच लिहिलेलं.

"परत."

"माझ्यात बुडबुडे, तुझ्यात धूळ. बाईंनी आपल्याला घेतलं ते साफसफाईला ठेवायला पाहिजे होतं."

"तू आधी तुझा तो बुडबुडा काढ. सकाळपासून मिरवतोयस."

"असू दे गं. सोबत होते."

तिनं ठाऊक नमुना काचेत सोडला. वीज चालू केली. झडप उघडली, डोळा लावला, हिरवे ठिपके पहिल्या फटींशी जमायला लागले — आणि खिशात फोन थरथरला. पाळणाघर.

फोन पाळणाघराचा आला की तिच्या अंगात आधी काहीतरी सांडतं आणि मग ती बोलते. हात आपोआप झडपेकडे गेला, खटका मागे, खोलीत अंधार. आणि ती दार ओढून बाहेरच्या लांब बोळात आली.

"ताई, घाबरू नका हं," पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, म्हणजे घाबरायचं आहे.

"काय झालं?"

"काही नाही हो. घसरगुंडीवरून उलटी उतरली. ओठ फुटलाय जरासा. बर्फ लावला, आता बरं आहे. पण ती म्हणते आईला सांगा."

"रक्त थांबलं?"

"कधीच. आता तीच सगळ्यांना दाखवत हिंडतेय. घ्या, बोला."

मग मुंगी. घसरगुंडीची अख्खी कहाणी, सुरुवातीपासून. मग मध्येच दुसऱ्या मुलीच्या चपलेची. मग परत घसरगुंडी. बोलताना ओठ दुखत होता म्हणून शब्द बोबडे येत होते — की ओठ नीट मिटत नाहीत म्हणून... तिनं तो विचार मान झटकून टाकला, तो दोन पावलांवर जाऊन परत आला. तिला धावत जायचं होतं. बॅग, रिक्षा, जिना, पोरीला उचलायचं, उजेडात धरून ओठ बघायचा. मावशींनी फोन परत घेतला आणि म्हणाल्या, "या वाटलं तर. पण तुम्ही आलात की ती रडेल. आत्ता खेळतेय."

ती बोळात उभी राहिली. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून पाटीची अक्षरं पुसत होता. तो पूर्ण पाटी पुसेपर्यंत ती तिथंच होती, फोन हातात, जाऊ की नको. आणि गेली नाही. पाय ओढत परत आत आली तेव्हा काचेतली वीज चालूच होती आणि झडप बंद. गेला आजचाही, असं म्हणत तिनं खटका पुढं केला.

दोन रेघा.

शेजारी शेजारी, कोऱ्या वहीवर पट्टीनं ओढाव्यात तशा. मागे सगळा काळोख — स्वच्छ, धुऊन काढलेला. धूळ नाही. धुळीचा कण नाही. तिला आधी वाटलं काच बदलली कुणी. मग तिनं झटकन झडप बंद केली, हात भाजल्यासारखा मागे घेतला, आणि अंधारात खुर्चीवर बसली.

म्हणजे काचेत काही खोट नव्हती. ओढीत नव्हती, रंगात नव्हती. उतारा होता तो घटकाभर बघण्यापुरता, अख्खी वाट डोळा लावून बसायला नव्हता. रोज मीच... फटीफटीशी, खोलीखोलीत, ते जिथं गोळा होऊन बसत तिथं मी प्रखर उजेड लावून वाकलेली, ठीक आहात ना, पुढं जाताय ना — आणि ते तुटत होते. लांबाचे आखूड होत होते. आणि आखूड मागे पडत होते. त्या दुपारी धुळीत जे दाट दिसलं ते बाबांनी दिलेलं होतं की मी तिथल्या तिथं केलेलं?

पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं, पण ते टिकलं नाही. धुळीतून काहीच सिद्ध होत नाही — असलेलंही नाही, नसलेलंही नाही. ती जिथं होती तिथंच होती, फक्त आता पायाखाली जमीन होती. तिनं उठून चेहऱ्यावर पाणी मारलं आणि बाईंच्या खोलीत गेली.

बाई सफरचंद कापत होत्या. तिनं दोन रेघांचं सांगितलं, झडपेचं सांगितलं. बाईंनी सुरी खाली ठेवली.

"मी म्हणाले होते तुला," त्या म्हणाल्या, पण सुरात टोचणी नव्हती. "मला वाटलं पोरीला समजलं. परत काय सांगायचं."

"बाई, निरोगी नमुन्यांतला एक माझा आहे."

"सगळ्यांचाच आहे."

"माझा भाऊ आजारी आहे. हाच आजार. मी तेव्हा बोलले नाही." ती उभीच होती. "तो नमुना मी एकदा चालवलाय, झडप उघडी ठेवून. आता परत चालवायचाय. आजच. बंद ठेवून."

 बाईंनी सफरचंदाची एक फोड तिच्याकडे सरकवली. "बस. खा आधी. तो नमुना निरोगी म्हणून गणायचा नाही, हे तर झालंच. ते मी बघते. पण ही काच अजून आपणच शिकतोय. तिनं काहीही दाखवलं तरी तो दवाखान्याचा निकाल नव्हे. पक्कं करायचं ते योग्य जागी, योग्य माणसांकडून. कळलं?"

"कळलं."

"मान डोलवू नकोस. कळलं का?"

"कळलं बाई. या वेळी कळलं."

"आणि आखूड निघाली तर?"

  "तर आखूड," ती म्हणाली. "मुलगी तीच राहणार आहे."

"मी बघू का तुझ्याऐवजी? शेवटचं?"

"नको. मीच बघीन. पण शेवटीच, आणि एकदाच."

हे तोंडून निघालं आणि तिलाच ते नवं वाटलं, दुसऱ्या कुणाचा कोट आपल्या मापाचा निघावा तसं.

तिनं सगळं पुन्हा मांडलं.  टीप रुंद. थेंब सावकाश, जवळजवळ आपल्या वजनानं उतरू देत. वीज. झडप बंद. बुडबुडे काहीतरी म्हणणार होते, तिचा चेहरा बघून कप उचलून बाहेर गेले.

आणि मग काही करायचं नव्हतं.

खोली अंधारी. यंत्राचा बारीक घूं आवाज. बोटांना तो वास. काचेच्या पोटात ते निघाले असतील, फटीशी जमत असतील — की नसतील; तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायला हात नुसता वीतभर पुढं न्यायचा होता. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. आपण न बघताही ते जातील, हे बुद्धीला पटत होतं. अंगाला पटत नव्हतं. अंग म्हणत होतं, बघ. मग तिनं मनातच मुंगीकडे बघितलं, पण तिथं तर ती फुटका ओठ मिरवत हिंडत होती, तिला कुणाच्या बघण्याची गरज नव्हती. नवऱ्याकडे बघितलं, तो जागच्या जागी होता. नजर फिरत फिरत, टेकायला जागा शोधत, दादावर गेली, आणि लगेच उठली. हे तिच्या लक्षात आलं. की ती उठते. दर वेळी.

त्या धुळीनंतर ती एकदाच त्याच्याकडे गेली होती. दादा दोरीवर कपडे घालत होता — म्हणजे एक हात भिंतीवर चढवत चढवत, बोटांनी भिंत चालत, वर नेत होता आणि तिथून रुमाल दोरीवर फेकत होता. पडला की वाकून परत. तिनं मदत केली नाही. ती दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती. बनियनमधून खांद्याच्या पात्या कशा उचलल्या जातात, कुठून सुरू होतं, डावी आधी की उजवी... मुंगीच्या पाठीशी ताडून. रुमाल परत पडला. दादा वळला नाही. वळला नाहीच, पण म्हणाला, "बघून झालं?"

"काय?"

"नाही, झालं असेल तर तो रुमाल दे."

तिनं रुमाल दिला. चहा झाला, तो नेहमीसारखं तिची थट्टा करत बोलला, मुंगीला काय आणू विचारलं. जिना उतरताना तिला लाज वाटली होती, पण तिनं ती लाजही घाईत, काळजीच्या खाली कुठंतरी खुपसून ठेवली, आणि नंतर फोनवर भागवत राहिली — कसा आहेस, ठीक, जेवलास, हो. हल्ली तो फोनही नव्हता. परवा तिनं लावला, वाजून बंद झाला. काल परत. तिला वाटलं, करेल. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं, उचलला नाही ते.

अंधारात ती सरळ बसली.

इतके दिवस मी त्याच्याकडे बघत होते असं मला वाटत होतं. मी बघत होते ते माझ्याकडे, मुंगीकडे. तो नुसता आरसा, भिंतीला टांगलेला, ज्यात आपली बातमी दिसते म्हणून जायचं आणि नको ती दिसायला लागली की जायचं नाही. माझी रेघ लांब निघो की आखूड, त्याची तर केव्हाच ठरलीय. तो त्या ठरलेल्या रेघेला घेऊन उठतो, दाढी करतो, कपडे वाळत घालतो. आणि मला विचारायचं सुचलं नाही की दादा, तुझं कसं चाललंय — ठीक म्हणू नकोस, खरं सांग.

तिनं फोन काढला. अंधारात पडदा फार झगझगीत वाटला, तिनं तो पोटाशी, काचेपासून दूर धरला. लावला. वाजत राहिला. वाजून बंद झाला. परत लावला.

आता तिला उठायचं होतं, आणि उठता येत नव्हतं. वीज चालू असताना काच सोडून इमारतीबाहेर जायचं नाही हा नियम, आणि ती बंद केली तर नळीत दुसऱ्या खेपेपुरतं उरलेलं नाही. इथून सुटली की पाळणाघर, मुंगीला घ्यायचं, मग तिला कडेवर घेऊन त्याच्याकडे. जायचंच. काहीही दिसो, आज जायचंच, आणि ते दिसलेलं बरोबर घेऊन नाही, नुसतं जायचं. तेवढं तिचं पक्कं झालं, झडपेखाली काय चाललंय त्याहून पक्कं. पण त्याला अजून वेळ आहे. आणि फोन वाजतोय, कुणी उचलत नाहीये.

तुम्ही कुणी त्या बाजूला असाल तर... जुन्या पोस्टाच्या मागची गल्ली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचं घर, तिसरा मजला. लिफ्ट बंद असते. जरा वर दादाकडे जाऊन याल का? कुणी पाठवलं विचारलं तर माझं सांगा, बहिणीनं म्हणावं. नाही सांगितलंत तरी चालेल. पाणी हवंय का विचारा, खाली काही पडलं असेल तर उचलून द्या, थोडं बसा. एकच सांगते — बेल वाजवून लगेच माघारी फिरू नका. त्याला दारापर्यंत यायला वेळ लागतो. थांबा.